उतारावर विना नांगरणीचा मका पिवळा पडतोय, विरळ उगवतोय? युरियाची पिशवी फोडण्याआधी हे तपासा

उतारावरच्या रानात ताग, चवळी असं शेंगवर्गीय पीक घ्यायचं, ते कापून जागेवरच आच्छादन म्हणून पसरायचं आणि नांगर न घालता त्यात मका टोकायचा. या पद्धतीत बिघाड झाला की तो पुढच्यापैकी कुठल्या तरी रूपात दिसतो:

- उगवण विरळ. एका ओळीत दोन-दोन हात रिकामे, पलीकडे तीन रोपं एकाच जागी.
- वीस-पंचवीस दिवसांत रोपं फिकट पिवळी, वाढ थांबलेली. शेजारच्या नांगरलेल्या रानातला मका मात्र हिरवा.
- वरच्या अंगाला मका खुजा, खाली तालीजवळ (उताराला आडव्या बांधाजवळ) बरा. कधी नेमकं उलट.
- मोठ्या पावसानंतर आच्छादन वाहून तालीला लागलेलं, मधे माती उघडी.
- गुडघ्याएवढं झाड हलक्या वाऱ्यानंही आडवं.
- कोवळी रोपं बुडातून कुरतडलेली, पानांवर वाळलेला चकचकीत चिकट माग.

ही सगळी लक्षणं एकाच रोगाची नाहीत. तरी बहुतेक ठिकाणी इलाज एकच होतो, युरिया. तो लागू पडला नाही की पुढच्या वर्षी ट्रॅक्टर बोलावून उताराला नांगर लावला जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा या पट्ट्यातली अशी रानं मी बरीच वर्षं बघत आणि दुरुस्त करत आलोय. दोष नांगर न घातल्याचा क्वचितच निघतो. आच्छादन कधी कापलं, बी नेमकं कुठं पडलं आणि पाणी कुठून चाललंय, या तीन गोष्टींतच बहुतेक वेळा उत्तर सापडतं. म्हणून आधी फुकटच्या तपासण्या देतो, मग थोड्या खर्चाच्या, मग अवघड. कारण सापडलं की तिथंच थांबा, पुढचं सगळं करायची गरज नाही.

१. पाचोळा उचला आणि बी शोधा

हात आणि खुरपं एवढंच लागतं. जिथं रोप नाही तिथं गुडघ्यावर बसा, आच्छादन हलक्या हातानं बाजूला करा आणि मातीत खुरपं घालून बी शोधा.

भुदरगडातल्या एका रानात मावशी म्हणाल्या, ‘‘युरिया दोनदा टाकला की वो, तरी उगवंना.’’ पाचोळा उचलला तर तागाच्या दोन काड्यांच्या बेचक्यात मक्याचा दाणा अडकलेला. कोंब फुटलेला, पांढरा, वळून वळून काडीखालीच फिरलेला, आणि मूळ वाळून तपकिरी. मातीपर्यंत तो पोचलाच नव्हता. अशा बियाला कितीही खत दिलं तरी ते त्याच्या उपयोगाचं नाही.

मक्याच्या दाण्याला उगवायला स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषावं लागतं. ते पाणी ओल्या मातीच्या स्पर्शातून मिळतं. पाचोळ्यात लटकलेला दाणा सकाळी भिजतो, दुपारी सुकतो आणि मरतो. बी मातीत ४ ते ५ सेंटिमीटर खोल हवं, आणि हे माप मातीच्या पृष्ठभागापासून मोजायचं, पाचोळ्याच्या वरच्या थरापासून नाही. टोकणाऱ्या बायकांना ‘दोन बोटं खोल’ एवढंच सांगितलं तर त्या वरून मोजतात. आधी पाचोळा सारून दाखवावा लागतो.

कापलेल्या आच्छादनाची अवस्थाही इथं महत्त्वाची. कापल्या दिवशी ताग कडक आणि रसरशीत असतो, टोकणीच्या काठीला बाजूला होतो. पूर्ण वाळल्यावर तो कडकन मोडतो. मधल्या चार-आठ दिवसांत तो मलूल आणि चिवट असतो. काठी घातली की काडी मोडत नाही, वाकून भोकात जाते आणि बी तिच्यावर बसतं. म्हणून एक तर कापल्या दिवशीच टोका, नाही तर दहा-बारा दिवस थांबा. त्या काळात कोवळ्या पाल्याच्या कुजण्यामुळं बी सडण्याचा धोकाही कमी होतो.

आडव्या पडणाऱ्या झाडाचं मूळही अनेकदा इथंच असतं. मक्याची आधार देणारी मुळं जिथून फुटतात तो कांडा, कोंबाला उजेड लागला की ठरतो. पाचोळा फार जाड असेल तर उजेड उशिरा लागतो, कांडा मातीच्या वर पाचोळ्यातच बसतो आणि मुळं मातीत शिरण्याआधी सुकतात. उपाय सोपा आहे. प्रत्येक टोकणीच्या जागी वीतभर रुंदीत पाचोळा सारून माती दिसू द्या. उगवून पडलेल्या झाडांच्या बुडाशी दोन-तीन ओंजळी माती ओढा, पाऊस असेल तर ती पुन्हा धरतात.

आता विरळ उगवणीचं काय करायचं. ६० बाय २० सेंटिमीटरवर एकरी साधारण ३३ हजार झाडं बसतात, म्हणजे १० मीटर ओळीत ५०. मोजा. ३५ च्या वर सारखी पसरलेली असतील तर हात लावू नका. त्याहून कमी असतील तर उगवणीपासून आठ-दहा दिवसांच्या आत नांगे भरा, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोका. त्यानंतर भरलेलं रोप मोठ्या झाडांच्या सावलीत जातं, त्याला कणीस धरत नाही. उशीर झाला असेल तर त्या रिकाम्या जागी चवळी टोका, माती तरी झाकली जाईल.

२. पिवळेपणा कुठल्या पानापासून सुरू झाला?

हीही फुकटची तपासणी. सकाळच्या उजेडात झाडाजवळ जाऊन बघा, बांधावरून नाही.

खालची, जुनी पानं टोकाकडून मधल्या शिरेवर उलट्या त्रिकोणासारखी पिवळी पडत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी आहे. खालच्याच पानांच्या कडा करपत असतील तर पालाश (पोटॅश) कमी. कोवळ्या रोपाची पानं जांभळट असतील तर स्फुरद (फॉस्फरस) मिळत नाही. तांबड्या जांभ्या जमिनीत स्फुरद धरून ठेवलं जातं, त्यामुळं घाटपट्ट्यात हे बरंच दिसतं. सततच्या पावसात मुळं आखडल्यानंही जांभळेपणा येतो आणि ऊन पडल्यावर जातो, म्हणून आठवडाभर बघून मग ठरवा. वरच्या कोवळ्या पानांवर बुडाकडं पांढरट रुंद पट्टे असतील तर जस्त कमी.

आणि अख्खं झाड, वरपासून खालपर्यंत, पावसाच्या झडीनंतर एकदम फिकट झालं असेल तर तो पाण्याचा प्रश्न आहे. मुठीत माती दाबा. पाणी निथळलं तर खताचं नाव काढू नका. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि दिलेलं नत्रही वायू होऊन उडतं. आधी पाणी काढा. त्यासाठी पाचवी तपासणी बघा.

३. आच्छादन कधी कापलं, किती जून झालं होतं?

नत्राची खूण सापडली तर इथं थांबून नीट विचार करा. सर्वांत जास्त रानं मी इथंच अडकलेली बघितली आहेत.

रानातली तागाची एक काडी उचला आणि वाकवा. कोवळ्या अवस्थेत कापलेली काडी मऊ पडून कुजायला लागलेली असते, बोटांत चुरडते. जून काडी सालपट धरून राहते, मधे लाकूड. शेंगवर्गीय पिकात नत्र असतं हे खरं, पण ते पान आणि कोवळ्या शेंड्यात. फुलोरा पुढं गेला की खोडात कर्ब (कार्बन) वाढतो. कर्ब आणि नत्राचं प्रमाण २० च्या आसपास असेल तर कुजताना नत्र मोकळं होतं. ३० च्या वर गेलं की कुजवणारे जिवाणू स्वतःच मातीतलं नत्र ओढून घेतात आणि मका काही आठवडे उपाशी राहतो. त्यात वर पसरलेलं आच्छादन गाडलेल्यापेक्षा सावकाश कुजतं, त्यामुळं चांगल्या तागाचंही नत्र मक्याच्या पहिल्या महिन्यात फारसं हाती येत नाही.

म्हणून ताग ४५ ते ५० दिवसांत, पहिली पिवळी फुलं दिसताच कापा. ‘अजून थोडा वाढू दे, पाला जास्त मिळेल’ हा मोह टाळा. चवळीला थोडी सवलत आहे, तिचा वेल तितका लाकडी होत नाही.

पण आपल्याकडं खरी अडचण कॅलेंडरची आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं जाणारा पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. एकच वेळापत्रक दोन्हीकडं चालणार नाही. कागल, गडहिंग्लज, पन्हाळ्याचा पूर्व भाग इथं मेच्या वळिवावर ताग पेरून जूनअखेर कापता येतो आणि लगेच खरिपाचा मका टोकता येतो. वळीव चुकला तर ताग उशिरा होतो आणि मक्याची वेळ जाते. त्या वर्षी तागाचा हट्ट सोडा, मका वेळेवर टोका आणि ओळींमधे चवळी घ्या.

घाटाकडच्या रानात मी खरिपाचा मका सुचवतच नाही. जुलैच्या झडीत तो उतारावरही पाण्यानं मरतो. तिथं पावसाळाभर जमीन शेंगवर्गीय पिकाखाली झाकून ठेवायची आणि पाऊस ओसरल्यावर ते कापून त्यात रब्बीचा मका टोकायचा. पाण्याची थोडी सोय असेल तर हे उत्तम बसतं. होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यावरच्या डोंगरउतारांवर शेतकरी हेच करतात. खाजकुयलीच्या जातीतला न खाजणारा वेल पावसाळाभर वाढवतात, डिसेंबरच्या सुमारास कोयत्यानं कापून पसरतात आणि त्या थरात मका टोकतात. तिथंही भरपूर पाऊस आणि तीव्र उतार आहे. तो वेल आपल्याकडं लावायचा असेल तर बी लागवडीचंच घ्या, रानटी कुयलीच्या शेंगांची लव अंगाला लागली तर हाल होतात. आणि त्याचं बी खायला किंवा जनावराला घालायचं नाही.

जून आच्छादन आधीच पसरलं असेल तर ते काढून टाकू नका. मातीवरचं छप्पर म्हणून ते हवंच आहे. मक्याला फक्त सुरुवातीची भूक भागवून द्या. शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश अशी आहे आणि नत्र तीन हप्त्यांत. म्हणजे एकरी एका हप्त्याला १६ किलो नत्र, युरियाच्या हिशेबात सुमारे ३५ किलो. आच्छादनाच्या भरवशावर कपात करायची असेल तर तिसऱ्या हप्त्यात करा, पहिल्यात कधीच नाही.

युरिया पाचोळ्यावर फेकून देण्याची पद्धत मात्र सोडाच. कुजणाऱ्या पाल्यात युरिया फोडणारं विकर (एन्झाइम) भरपूर असतं, त्यामुळं वर पडलेल्या खतातलं बरंच नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. झाडापासून चार बोटं अंतरावर पाचोळा सारा, काठीनं दोन बोटं खोल भोक पाडा, खत टाका, पायानं माती दाबा. मजुरी लागते, पण खत झाडाला पोचतं.

एक गोष्ट पुढच्या वर्षासाठी. ताग फुलोऱ्यात येण्याआधी दोन झाडं मुळासकट उकरा आणि गाठ फोडून बघा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती नत्र धरतेय. पांढरी किंवा हिरवट असेल, किंवा गाठीच नसतील, तर ते पीक मातीतलंच नत्र खातंय. ज्या रानात ताग-चवळी कधीच झालेली नाही तिथं बियाला रायझोबियम, म्हणजे गाठी धरणारे जिवाणू, लावा. त्या त्या पिकाच्या गटाचं पाकीट घ्या, सोयाबीनचं चवळीला चालत नाही. लावलेलं बी उन्हात ठेवू नका.

४. रात्री बॅटरी घेऊन जा

बुडातून कुरतडलेली रोपं दिसत असतील तर दिवसा काही सापडणार नाही. आच्छादनाखाली ओल, सावली आणि खाद्य असतं. गांडुळं येतात तशाच वाणी (बऱ्याच पायांचे, गोल वळून बसणारे किडे) आणि गोगलगायीही येतात. अंधार पडल्यावर दोन-तीन तासांनी जा, पाचोळा उलथा.

गोगलगायीसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधाकडेला पसरा, पहाटे त्यांच्याखालचा माल गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. सलग काही दिवस केलं तरच फरक दिसतो, आणि शेजाऱ्यानंही केलं तर जास्त. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, पण कुत्र्यांना त्या जीवघेण्या आहेत. वस्तीजवळच्या रानात मी त्या वापरू देत नाही.

रोप सहज उपटून येत असेल आणि मुळं खाल्लेली असतील तर हुमणी, म्हणजे मातीतली मुळं खाणारी पांढरी अळी. पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) भुसा आणि पानांवर खिडक्यांसारखे पारदर्शक चट्टे असतील तर लष्करी अळी. तिच्या डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके असतात. २०१८ मध्ये ती भारतात आली आणि तेव्हापासून नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या दोन्ही मक्यात येते. तिचा दोष आच्छादनाला देऊ नका.

पानं खाल्ली म्हणून रान मोडायची घाई नको. साधारण सहा पानांचं होईपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब मातीच्या पातळीखाली असतो. वरचं सगळं खाल्लं तरी तो शाबूत असेल तर आठवड्यात नवं पान निघतं. एक रोप उभं चिरून बघा. आतला कोंब पांढरा आणि घट्ट असेल तर थांबा.

५. शंभर गाठींची दोरी आणि पावसातली फेरी

आच्छादन वाहून जात असेल, किंवा वर-खाली मका वेगवेगळा दिसत असेल, तर इथं या.

एका दोरीला वीतवीतभर अंतरावर शंभर गाठी मारा. ती रानात तिरकी ताणा आणि किती गाठींखाली पाचोळा आहे ते मोजा. वरून सरळ खाली बघायचं, तिरकं बघितलं की पाचोळा जास्त भासतो. चाळीस गाठींखाली पाचोळा म्हणजे ४० टक्के जमीन झाकलेली. संवर्धित शेतीत किमान ३० टक्के झाकलेली जमीन धरतात. आपल्या उतारांवर आणि आपल्या पावसात मला ७० च्या खाली समाधान वाटत नाही. उघड्या मातीवर थेंब आपटतो, ढेकळाचा चिखल होतो, तो बारीक भेगांत बसून पापुद्रा धरतो, आणि मग पाणी मुरायचं सोडून पळतं. आच्छादन हा आपटा झेलतं. त्याच्या खाली पाणी साठवायची ताकद मुळांच्या जुन्या नळ्यांत आणि गांडुळांच्या बिळांत असते, आणि नांगर न घालण्याचं मोल तिथंच आहे. आपल्या कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर विना नांगरणी शेतीबद्दल बरीच वर्षं लिहीत आले आहेत. जमिनीखाली राहिलेल्या मुळांचं कुजणं वरच्या पाल्याइतकंच महत्त्वाचं आहे हा त्यांचा आग्रह उतारावर तर पदोपदी पटतो.

आता पावसातली फेरी. जोराची सर चालू असताना रानात उभं राहून पाणी कुठून येतंय ते बघा. पाऊस थांबल्यावर फक्त खुणा दिसतात, कारण दिसत नाही. बरेचदा पाणी तुमच्या रानातलं नसतंच. वरच्या पायवाटेवरून किंवा शेजाऱ्याच्या फुटलेल्या तालीतून धार आत येते आणि आच्छादनाखालून वाहते. वरून सगळं झाकलेलं दिसतं, खाली माती चाललेली असते. ती धार वरच्या बांधालाच अडवून आडव्या चरातून गवताच्या जागेकडं काढा. पाणी दुसऱ्याच्या रानात सोडायचं नाही, आधी त्यांच्याशी बोला.

ओळी उताराला आडव्या आहेत का हे डोळ्यांनी ठरवू नका, डोळा फसतो. सात-सात फुटांचे दोन बांबू वर एकत्र बांधा, खाली पाय फाकवा, मधे आडवी पट्टी आणि शेंड्यातून दगड बांधलेली दोरी सोडा. दोरी पट्टीवर कुठं येते तिथं खूण करा. पाय उलटे करून त्याच दोन जागांवर पुन्हा ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मधे तिसरी. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. असं पुढं सरकत खुंट्या मारल्या की समपातळीची रेघ मिळते. टोकणी त्या रेघेनं करा.

आच्छादन वाहू नये म्हणून काड्या उताराला आडव्या टाका. तागासोबत थोडी चवळी मिसळून पेरली तर वेलांमुळं थर एकमेकांत गुंतून राहतो, नुसत्या तागाच्या काड्या सुट्ट्या पडतात. आणि दर दहा-बारा हातांवर तागाची एक अरुंद पट्टी आडवी उभीच ठेवा. वाहत येणारा पाला तिथं अडतो. मका गुडघ्याला आला की ती पट्टी कापून तिथंच टाका. तालीवर वाळा किंवा हत्ती गवत लावलं तर वैरणही होते.

वैरणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दारात म्हशी असलेल्या घरात ‘मक्याचा कडबा रानात ठेवा’ हा सल्ला टिकत नाही, आणि तो देऊही नये. कडबा म्हशीला, ताग मातीला, अशी वाटणी करा. बुडखा मात्र टाचेएवढा ठेवून कापा. सुगीनंतर रानात गुरं मोकळी सोडली तर ती आच्छादन खातात आणि ओल्या जमिनीला तुडवून घट्ट करतात. त्यावर भावकीत, गावात आधी बोलून ठेवावं लागतं.

६. तणनाशकाची वही बघा

शेंगवर्गीय पीकच नीट येत नसेल तर आदल्या हंगामात काय फवारलं ते आठवा. ॲट्राझिन मक्याला चालतं, पण त्याच रानातल्या चवळी-तागाला मारतं, आणि मात्रा जास्त झाली किंवा ओल कमी राहिली तर त्याचा अंश पुढच्या पेरणीपर्यंत उरतो. टू-फोर-डी चंही तसंच, शेजारच्या रानातून वाऱ्यानं आलं तरी चवळीचा शेंडा वळतो. शंका असेल तर त्या रानातली माती एका कुंडीत आणि बांधावरची माती दुसऱ्या कुंडीत घेऊन दोन्हींत चवळी पेरा. दोन आठवड्यांत फरक दिसतो. आच्छादन मारायला ग्लायफोसेट वापरण्याबद्दल विचारणारे भेटतात. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर कीड नियंत्रणाचा परवाना असलेल्यांपुरताच मर्यादित केला आहे. ताग फुलोऱ्यात बुडातून कापला तर फवारणी लागतच नाही.

७. खड्डा काढा

इथून अंगमेहनत आहे. जिथं मका खुजा आहे तिथं आणि जिथं बरा आहे तिथं, हात-दीड हात खोल एकेक खड्डा. भिंतीवर सुरीचं टोक वरून खाली टोचत जा. वीतभर खाली सुरी एकदम अडत असेल आणि मुळं तिथं आडवी वळली असतील तर तो वर्षानुवर्षांच्या नांगराचा किंवा रोटाव्हेटरचा घट्ट थर आहे. नांगर थांबवल्यावर पहिली दोन-तीन वर्षं हा थर त्रास देतो, आणि याच काळात माणसं ही पद्धत सोडतात. तूर आणि ताग यांची सोटमुळं तो भेदतात, त्याला हंगाम लागतात. फारच कठीण असेल तर कोरड्या जमिनीत, फक्त समपातळीच्या रेघेवर, एकदाच सबसॉयलर (माती न उलटता खोल चीर पाडणारं अवजार) चालवा. उताराच्या दिशेनं कधीच नाही. ती चीर पुढच्या पावसात ओघळ होते.

वीतभर खालीच जांभा लागला तर मात्र मक्यासाठी तिथं खोली नाही. ती वरकस (हलकी, उथळ) पट्टी नाचणी, कुळीथ किंवा गवताला द्या.

८. माती परीक्षण

वरचं सगळं ठीक असूनही गाठी धरत नाहीत, मका जांभळट राहतो, तर सामू (मातीचा पीएच) बघावा लागेल. जास्त पावसाच्या तांबड्या जमिनी आम्ल होतात. सामू ५.५ च्या खाली गेला की मुळांना ॲल्युमिनियमचा त्रास होतो, स्फुरद अडतं आणि गाठीतले जिवाणू टिकत नाहीत. नमुना घेताना आच्छादन पूर्ण बाजूला करा, आणि विना नांगरणीच्या रानात वरच्या चार बोटांचा आणि त्याखालच्या थराचा नमुना वेगळा द्या, कारण खत आणि कुजलेला पाला वरच साठतो. चुना किती टाकायचा हे अहवालावरूनच ठरवा. अंदाजानं टाकलेल्या चुन्यानं जस्त अडतं आणि नवं दुखणं सुरू होतं.

कधी हात थांबवायचा

ओघळ पायानं माती सारून बुजत नसेल, फूटभरापेक्षा खोल गेली असेल, तर ती पाल्यानं भरू नका. पाणी खालून पोखरतं. तालुका कृषी कार्यालयाला दाखवा, तिथं दगडी बांधांची साखळी आणि मोजणी लागते. शंभर फुटांत पंधरा-वीस फुटांहून जास्त उतार असेल तर टप्पे पाडल्याशिवाय मक्याचा विचार नको, आणि टप्पे पाडायचं काम जाणकाराच्या आखणीशिवाय करू नका.

उताराला आडव्या लांब भेगा पडल्या, झाडं किंवा खांब तिरके झाले, पावसात कधी नव्हता तिथं झरा फुटला किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर ते शेतीचं काम राहिलं नाही. रानातून बाहेर या, खालच्या वस्तीला सांगा, तलाठी आणि तहसील कार्यालयाला लगेच कळवा. २०१४ मध्ये दरड कोसळून पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावाचं काय झालं ते सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

फवारणीनंतर कुणाला मळमळ, चक्कर, जास्त लाळ, अंधुक दिसणं असं झालं तर औषधाची बाटली घेऊन थेट सरकारी दवाखान्यात. घरगुती उपाय नको.

आणि पहिल्या पाच तपासण्यांत कारण सापडलं नाही, किंवा खोड बुडाशी मऊ पडून कुजत असेल, तर महागडी औषधं एकामागून एक मारत बसू नका. कणेरी आणि तळसंदे इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, कसबा बावड्यात मक्याचं संशोधन केंद्र आहे. जाताना एक खराब आणि एक चांगलं झाड मुळं आणि मातीच्या गोळ्यासकट उकरून ओल्या पोत्यात न्या. आच्छादन पेरल्याची, कापल्याची आणि मका टोकल्याची तारीख, खताचे हप्ते आणि फवारलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या सोबत असू द्या. नुसता मोबाईलवरचा फोटो दाखवला तर समोरच्याला अंदाजच सांगावा लागतो.